प्लग बसला, म्हणून जुळला का?

तुमच्या घरात किंवा शेजारीपाजारी कुणी १९९०च्या आसपास संगणक-दुरुस्ती शिकलेलं आहे का? एखादा मामा, एखादी आत्या, खालच्या मजल्यावरचे काका? असतील तर त्यांना एवढंच विचारा, "काळीशेजारी काळी म्हणजे काय हो?" बहुतेक ते आधी हसतील आणि मग गोष्ट सांगायला बसतील.

गोष्ट अशी. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये पत्र्याचा एक डबा असतो. त्याला एस.एम.पी.एस. म्हणतात. भिंतीतल्या सॉकेटची २३० व्होल्टची वीज संगणकाला जशीच्या तशी चालत नाही. हा डबा तिच्यापासून १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट असे छोटे घास तयार करतो आणि रंगीबेरंगी तारांतून आतल्या भागांना भरवतो. त्या काळच्या संगणकांत या डब्यातून मदरबोर्डकडे दोन प्लग यायचे, पी-८ आणि पी-९. दिसायला अगदी जुळे भाऊ. दोघांना शेजारीशेजारी खोचायचं असे. घोटाळा असा, की एकाच्या जागी दुसरा लावला तरी दोघेही आपले मुकाट्याने बसत! मग बटण दाबलं की मदरबोर्ड कामातून गेलाच म्हणून समजा. म्हणून शिकवणारे सर पहिल्याच दिवशी बजावत : दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. काळीशेजारी काळी!

१९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची नवी पद्धत आणली. दोन प्लग जाऊन वीस तारांचा एकच प्लग आला (पुढे तो चोवीस तारांचा झाला), आणि तो उलटा बसेनासा झाला. त्याची काही भोकं चौकोनी, तर काहींचे कोपरे छाटलेले. चुकीच्या बाजूने घातला तर तो आत जातच नाही. कल्पना नामी होती. काळीशेजारी काळी हे कुणी पाठ करायची गरज उरली नाही.

पण त्याबरोबर आपल्याला एक सवय लागली. प्लग बसला ना? मग बरोबरच असणार! हल्ली सातवी-आठवीतली मुलंमुलीसुद्धा कॅबिनेट उघडून जादा पंखा लावतात, जुनी हार्डडिस्क जोडतात, दिव्यांची पट्टी बसवतात, कुणी कुणी तर स्वतः प्लग भरून मापाच्या तारा बनवतात. फार छान. मात्र बसलेला पण न जुळलेला प्लग आजही संगणकात चार-पाच ठिकाणी टपून बसलेला आहे. त्या जागा आधी पाहू, आणि मग आपणही एक छोटीशी तार बनवू.

बारा व्होल्टला काय घाबरायचं?

तुम्ही म्हणाल, २३० व्होल्टला घाबरावं हे ठीक, पण बारा व्होल्ट? स्कूटरची बॅटरीपण बाराच व्होल्टची असते, तिला हात लावला तर काही होत नाही. खरं आहे. कोरड्या हाताला बारा व्होल्टचा झटका बसत नाही. इथला धोका झटक्याचा नाही, चटक्याचा आहे.

जरा गणित करू. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. बाथरूममधला गिझर समजा २००० वॉटचा आहे. भिंतीत २३० व्होल्ट, म्हणून २००० भागिले २३०, म्हणजे प्रवाह झाला सुमारे ८.७ अँपिअर. तेवढ्यासाठी वायरमन जाड वायर टाकतो, मोठा सॉकेट लावतो, वेगळं बटण देतो. आता गेम खेळण्यासाठी लागणारं मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या. त्याच्यासाठीचा नवा प्लग ६०० वॉटपर्यंत चालतो. पण इथे व्होल्ट बाराच! ६०० भागिले १२ किती? ५० अँपिअर! गिझरच्या जवळजवळ सहापट प्रवाह, आणि तोही तुमच्या अंगठ्याएवढ्या प्लगातून. त्या प्लगात १२ व्होल्टच्या सहा पिना असतात, तेव्हा प्रत्येक पिनेच्या वाट्याला ८.३ अँपिअर आले. म्हणजे एकेक पिन जवळजवळ एकेका गिझरचा भार उचलते.

दुसरं गणित याहून महत्त्वाचं. तार किंवा पिन किती तापणार हे प्रवाहाच्या वर्गावर ठरतं. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. समजा, एक पिन सैल बसली आहे आणि त्या सैल जागी ०.०५ ओहम एवढा किरकोळ विरोध आहे. ४ अँपिअर प्रवाहाला तिथे ४ × ४ × ०.०५ म्हणजे ०.८ वॉट उष्णता होईल. ८ अँपिअरला? ८ × ८ × ०.०५, म्हणजे ३.२ वॉट. ३.२ वॉट म्हणजे फार नव्हे, असं वाटेल. पण ही उष्णता काडेपेटीच्या गुलाएवढ्या जागेत, चारी बाजूंनी प्लास्टिकने कोंडलेली असते. तिला बाहेर पडायला वाटच नाही. पिन तापते, तापून तिची पकड आणखी सैल होते, सैल झाल्यामुळे ती आणखी तापते. आधी वास येतो, मग प्लास्टिक तपकिरी पडतं.

"पण शॉर्ट झालं तर एस.एम.पी.एस. आपोआप बंद पडतो ना?" हो, चांगला असेल तर पडतो. पण तो स्वतःला वाचवत असतो, तुमच्या तारेला नाही. ज्या डब्याला ४० अँपिअर देण्याची सवय आहे, त्याला १० अँपिअर म्हणजे गडबड वाटतच नाही. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. तिकडे तुमची केसासारखी बारीक तार मात्र लालबुंद होते. म्हणून दिव्यांच्या पट्टीसारखं काही जोडायचं असेल, तर मध्ये फ्यूज टाकावा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काचेचा छोटा फ्यूज त्याच्या घरासकट मिळतो. पट्टीला अर्धा अँपिअर लागत असेल, तर १ अँपिअरचा फ्यूज पुष्कळ झाला.

आणि हो, काम करताना अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवायचं. १२ व्होल्टची तार आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्या मध्ये अंगठी सापडली, तर ती क्षणात तापते आणि बोटातून चटकन निघत नाही.

रंगांवर किती विसंबायचं?

एस.एम.पी.एस.च्या तारांचे रंग ठरलेले आहेत. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट. काळी म्हणजे शून्य, तिला 'ग्राउंड' म्हणतात. गेलेली वीज तिच्यावाटे परत येते. जांभळी तार संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट देते (म्हणून भिंतीवरचं बटण चालू असलं, की बंद संगणकाच्याही पोटात थोडी वीज असते, हे ध्यानात ठेवा). हिरवी तार काळीला टेकली की डबा जागा होतो.

हे पाठ करायला सोपं आहे. पण आता महाग एस.एम.पी.एस.च्या सगळ्याच तारा काळ्या येतात, दिसायला झोकदार म्हणून! तिथे काळीशेजारी काळी काय करणार? सगळ्याच काळ्या.

पंख्यांची तर आणखी गंमत. तीन तारांच्या पंख्यात बहुधा लाल तार १२ व्होल्टची असते आणि पिवळी तार पंखा किती वेगाने फिरतो ते मदरबोर्डला सांगते. चार तारांच्या पंख्यात मात्र पिवळीच १२ व्होल्टची असते, आणि वेग सांगायचं काम हिरवीकडे जातं. एकच पिवळा रंग, दोन पंख्यांत दोन अर्थ! म्हणून रंग पाहावा, पण मीटरला विचारल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

मीटर म्हणजे मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा तुमच्या गावातल्या टीव्ही-दुरुस्तीवाल्याकडे चौकशी करा, साधा मीटर सहज मिळतो. आपल्या कामाला त्याची दोनच बटणं लागतात. एक, 'बीप'चं : दोन टोकं आतून जोडलेली असतील तर मीटर किंचाळतो. हे फक्त वीज बंद असताना वापरायचं. दुसरं, डीसी व्होल्टचं. तिथे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ यांमधला आकडा दिसला पाहिजे, आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ यांमधला. मीटरची लाल तार अँपिअरच्या भोकात खोचून व्होल्ट मोजायला जाऊ नका. तसं केलंत तर मीटरच शॉर्ट होतो.

जादा तारांचा खोका

आता मुख्य मुद्दा. पालकहो, हा भाग तुम्हीही वाचा, कारण घरातले फोटो इथेच जातात.

हल्ली बऱ्याच एस.एम.पी.एस.ना 'मॉड्युलर' म्हणतात. त्यांच्या तारा डब्याला कायमच्या जोडलेल्या नसतात. डब्यावर सॉकेट असतात आणि लागतील तेवढ्याच तारा लावायच्या. उरलेल्या तारा खोक्यात पडून राहतात. चार वर्षांनी डबा बिघडतो. नवा आणतात. कॅबिनेटमध्ये जुन्या तारा आधीच नीट बांधलेल्या असतात, कशाला सोडवायच्या? नव्या डब्याच्या सॉकेटमध्ये जुनी तार घालून पाहतात. टक्! बसली. संगणक चालू करतात.

आणि हार्डडिस्क मेली!

असं का झालं? एटीएक्सच्या नियमांनी तारेचं संगणकाच्या भागाकडचं टोक ठरवून दिलेलं आहे. हार्डडिस्कला कुठल्या जागी किती व्होल्ट मिळणार हे जगभर सारखं. पण तारेचं दुसरं टोक, म्हणजे डब्याकडचं, कसं असावं याबद्दल सगळ्यांवर बंधनकारक असा नियम नाही. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलं. एकीच्या सॉकेटमध्ये ज्या भोकात ५ व्होल्ट, दुसरीच्या सॉकेटमध्ये त्याच भोकात १२ व्होल्ट. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हा फरक असतो. आणि प्लगचा आकार मात्र अगदी तोच! परिणाम काय, तर हार्डडिस्कच्या ५ व्होल्टच्या तोंडात १२ व्होल्ट जातात आणि तिच्या खालची इलेक्ट्रॉनिक पट्टी जळते. पट्टी जळाली की आतले सहलीचे फोटो, आजीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ, ताईचा प्रकल्प सगळं आत असूनही हाताला लागत नाही. काही डिस्कमध्ये अशा वेळी स्वतः बळी जाणारा एक छोटा रक्षक भाग असतो आणि दुरुस्ती करणारे त्यामुळे कधी कधी माहिती वाचवूही शकतात. पण तो नशिबाचा भाग झाला.

म्हणून नवा डबा आला की त्याच्याच तारा, जुन्या सगळ्या बाहेर. कंटाळा आला तरी! वापरलेला डबा विकत घेताना तारांसकटच घ्यावा. आणि एखादी तार कुणाची आहे हेच कळत नसेल, तर तिला हार्डडिस्कच्या जवळपाससुद्धा नेऊ नये.

याच जातीची आणखी एक जोडी सांगतो. मदरबोर्डवरच्या प्रोसेसरसाठी आठ तारांचा प्लग असतो आणि ग्राफिक्स कार्डसाठीही आठ तारांचाच. प्रोसेसरच्या प्लगात खटक्याच्या बाजूच्या चार तारा १२ व्होल्टच्या. ग्राफिक्स कार्डच्या प्लगात खटक्याच्या बाजूला सगळ्या ग्राउंड. नेमकं उलट! भोकांचे आकार वेगळे ठेवलेत म्हणून सहसा चुकीचा प्लग बसत नाही, पण जोर लावला की प्लास्टिक ऐकतं. जुना चार पिनांचा मोठा प्लग असतो ना, पिवळी-काळी-काळी-लाल, ज्याला सगळे 'मोलेक्स' म्हणतात, तोही झिजलेला असला आणि मनगटात ताकद असली तर उलटा जातो. म्हणजे पिवळीच्या जागी लाल आणि लालच्या जागी पिवळी. प्लग बसताना जोर लावावा लागला, की हात थांबवून दिवा जवळ आणायचा आणि आकार पुन्हा बघायचा.

जोडतारांचा मोह

एका जातीच्या प्लगातून दुसऱ्या जातीचा प्लग काढणाऱ्या जोडतारा बाजारात ढिगाने मिळतात. त्यांतली एक फार बदनाम आहे : मोलेक्समधून साटा डिस्कचा प्लग काढणारी, आणि त्यातही ओतीव प्लास्टिकची. ओतीव म्हणजे तारा साच्यात धरून त्यांच्यावर गरम प्लास्टिक ओतलेलं. ओतताना आतली तार किंचित सरकली तर बाहेरून काही कळत नाही. काही महिने सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस आतल्या आत पिवळी आणि काळी भेटतात. अशा जोडतारा वितळल्याची, पेटल्याचीही उदाहरणं आहेत. त्यापेक्षा ज्या प्लगात पिना वेगवेगळ्या कप्प्यांत बसवलेल्या असतात आणि मागून टोपी लावलेली असते, तो घ्यावा. दुकानात दोन्ही हातात घेऊन पाहिलेत तर फरक लगेच कळतो. ओतीव प्लग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो.

आणखी एक जोडतार साटा प्लगातून ग्राफिक्स कार्डासाठी सहा पिनांचा प्लग काढून देते. ही घ्यावी की नाही हे तुम्हीच ठरवा, आकडे मी देतो. साटा प्लगात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीला १.५ अँपिअर झेपतात. म्हणजे ४.५ अँपिअर. गुणिले १२, झाले ५४ वॉट. आणि सहा पिनांच्या प्लगातून कार्ड ७५ वॉट मागू शकतं!

मोठमोठ्या कंपन्यांचीही इथे परीक्षा झाली. २०२२ साली ग्राफिक्स कार्डांसाठी तो ६०० वॉटचा नवा प्लग आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या कार्डाचे प्लग वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. तपासात एक कारण पुढे आलं ते असं, की प्लग पूर्ण आत गेलेला नसायचा. वरून बसल्यासारखा दिसे, पण दोन-तीन मिलिमीटर बाहेरच राहिलेला. २०२३ साली त्याच्या रचनेत बदल केला. त्या प्लगात वीज वाहणाऱ्या बारा पिनांशिवाय चार बारीक पिना असतात. त्या 'प्लग लागला' अशी वर्दी कार्डाला देतात. या वर्दीच्या पिना आता आखूड केल्या आणि वीज वाहणाऱ्या लांब. त्यामुळे प्लग अर्धवट असेल तर वर्दीच पोचत नाही आणि कार्ड वीज मागत नाही. साधीच युक्ती, पण किती शहाणी! तरीही एवढा प्रवाह एवढ्या छोट्या प्लगातून न्यावा का, हा वाद काही मिटलेला नाही. मला विचाराल तर जरा ऐसपैस प्लग केला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

हात लावायचा नाही अशी जागा

तारा बनवा, प्लग भरा, पण एस.एम.पी.एस.चा डबा उघडायचा नाही. वायर काढून ठेवली असली तरीही नाही. २३० व्होल्टची घरगुती वीज आत जाऊन सरळ केली, की ती ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. बऱ्याच डब्यांत ती आणखी वर नेलेली असते. प्लग काढल्यावरही ती तिथे दबा धरून राहू शकते. हा झटका जिवावर बेतू शकतो. पंखा अडकला असेल, आत धूळ असेल, तर डबा दुरुस्तीवाल्याकडे द्यायचा, नाहीतर बदलायचा.

आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर कधी झिणझिण्या येतात का? येत असतील तर आजच आईबाबांना सांगा. डब्यातल्या गाळणीसारख्या भागातून थोडी वीज मुद्दाम अर्थिंगकडे सोडलेली असते. घरात अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांची जोडणी लावून काम भागवलं असेल, तर ती वीज जाणार कुठे? पत्र्यावर येऊन बसते. जुन्या वाड्यांत, चाळींत हे पुष्कळदा आढळतं. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेण्याआधी आपल्या तारांचं काम सुरूच करू नये.

आपली पहिली तार

आता हाताला काम. बनवायचं काय, तर तीन तारांच्या पंख्याची तार लांबवणारी जोडतार. हीच का? कारण साध्या पंख्याला ०.२ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. त्याच्या मागच्या चिठ्ठीवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. शिकताना भार कमी असलेला बरा. घरातलं एखादं मोठं माणूस शेजारी बसवा. त्यालाही मजा येते.

साहित्य थोडं : एका टोकाला लावायचा नर प्लग, दुसऱ्या टोकाला मादी प्लग (दुकानदार हेच शब्द वापरतात, लाजू नका), त्यांच्या सुट्या पिना, तीन रंगांची बारीक तार प्रत्येकी एक फूट, आणि पिन दाबायची पक्कड. ही पक्कड नीट मागून घ्या. "क्रिंपिंगची द्या" म्हटलं की पुष्कळदा इंटरनेटच्या केबलची पक्कड हातात पडते. ती इथे चालत नाही. आपल्याला या बारीक उघड्या पिनांची हवी.

पिनेला मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याच्या उघड्या धाग्यांना कवटाळते, मागची जोडी तारेच्या प्लास्टिकला. मागची जोडी कशाला, असं वाटेल. पण ओढ बसते ती प्लास्टिकवर. तांब्याला ताण द्यायचा नाही, म्हणून ती. तारेचं टोक दोन-तीन मिलिमीटरच सोला. सोलताना तांब्याचे दोन धागे तुटले तर ते टोक कापून टाका आणि पुन्हा सोला. तार फुकट गेली म्हणून हळहळू नका, तेवढ्यासाठीच फूटभर घेतली आहे.

पक्कड दाबली की धागे आणि पंख इतके घट्ट एकजीव व्हायला हवेत, की मध्ये हवेलाही जागा उरू नये. हवा शिरली की तांबं काळवंडतं आणि सैल पिनेचं जे गणित आपण मघा केलं ते सुरू होतं. काही जण दाबून वर सोल्डरही करतात. मजबुतीसाठी म्हणून करतात, पण वितळलेलं सोल्डर धाग्यांतून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि तार वाकवली की नेमकी तिथेच तुटते. चांगल्या दाबलेल्या पिनेला सोल्डर लागत नाही.

प्रत्येक पिन दाबल्यावर तार बोटाने ओढून बघा. सुटून आली तर बरंच झालं, आत्ताच कळलं.

आता पिना प्लगात सरकवा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. इथे एक सापळा आहे. प्लगाकडे समोरून पाहिलं तर पहिली जागा डावीकडे असेल, मागून, म्हणजे तारेच्या बाजूने पाहिलं तर तीच उजवीकडे जाते. आरशासारखं. कागदावर चित्र समोरून काढायचं आणि पिना मागून घालायच्या, असं झालं की सगळं उलटं. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात आधी लिहा : 'तारेच्या बाजूने पाहताना'.

मीटर बीपवर ठेवा. एका टोकाची पहिली जागा आणि दुसऱ्या टोकाची पहिली : बीप. दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी : बीप. एवढ्यावर बरेच जण मीटर ठेवून देतात. पण काम अर्धंच झालंय! पहिलीला दुसरी, पहिलीला तिसरी, दुसरीला तिसरी असं उलटसुलट सगळं लावून बघा. तिथे मीटर गप्प राहिला पाहिजे. तीन वेळा बोलला आणि सहा वेळा गप्प बसला, तर तार पास. मोजताना तार हलवत राहा. हलवल्यावर बीप तुटला तर ती पिन पुन्हा करायची.

पहिल्यांदा वीज देताना कॅबिनेटच्या बाहेर, टेबलावर, एखाद्या जुन्या पंख्यावर प्रयोग करा. संगणक बंद, भिंतीवरचं बटण बंद, वायर काढलेली. मग संगणकाचं बटण एकदा दाबून आत उरलीसुरली वीज संपवायची. त्यानंतर आपली जोडतार लावायची. नंतर वायर जोडा, चालू करा, आणि एक हात भिंतीवरच्या बटणाजवळ ठेवा. नाक उघडं ठेवा. पाच मिनिटांनी बंद करा आणि दोन्ही प्लग बोटांनी चाचपा. एवढ्या कमी प्रवाहात ते गार लागायला हवेत. कोमट लागले तर पिनांकडे परत जायचं.

काम झालं की तारेला एक चिठ्ठी चिकटवा. त्यावर लिहा : कशाची तार, कुणी केली, तारीख, आणि 'फक्त पंख्यासाठी'. ही शेवटची दोन अक्षरं मोठी काढा. दोन वर्षांनी तुमचा धाकटा भाऊ तीच तार खोक्यातून काढून भलत्याच ठिकाणी लावायला बघेल. एस.एम.पी.एस.सोबत आलेल्या जादा तारांवरही आजच डब्याचं मॉडेल लिहून ठेवा आणि त्या एकाच पिशवीत बांधा. मार्कर पुसला जातो म्हणून चिठ्ठीवरून पारदर्शक चिकटपट्टी फिरवली की झालं.